अकबरीबी आणि चाळीस अंश

पारोळ्यात कुणाच्या टीव्हीवरचं चित्र गेलं की लोक आधी रिमोटला दोन चापट्या मारतात, मग नशिबाला बोल लावतात आणि शेवटी अकबरीबीला फोन करतात. हा क्रम उलटा केला तर बराच वेळ वाचेल, हे मी गावात कित्येकदा सांगून पाहिलं आहे. पण मी पडलो शाळामास्तर. माझं ऐकायचं नाही, असं गावाचं शाळेतच ठरलेलं असतं.

अकबरीबी डिश बसवते. वय शेहेचाळीस, अंगाने काटक, ओढणी कमरेला घट्ट खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट आणि मोपेडच्या हँडलला पान्यांची पिशवी. शिडी ती स्वतःची आणत नाही. "ज्यानं धाबं, त्यानी शिडी," म्हणते. आमच्याकडे घराच्या सपाट छताला धाबं म्हणतात, आणि गावातलं एकही धाबं असं नसेल ज्यावर ती उभी राहिलेली नाही.

तिचा एक नियम आहे. चित्र आल्याशिवाय शिडी उतरायची नाही. भडगावच्या रस्त्यावरच्या एका वस्तीत ती सकाळी वर चढली ती दुपारची नमाज टळून गेली तरी वरच. घरातल्या म्हातारीने शिडीवरून भाकरी आणि ठेचा वर पोहोचवला. शेवटी कळलं की दोष धाब्यावर नव्हताच, नातवाने खालच्या सेट-टॉप बॉक्सची, म्हणजे डब्याची, पिन काढून मोबाइल चार्जिंगला लावला होता. पिन लागली, चित्र आलं, तेव्हा ती उतरली. नातू मात्र आठवडाभर तिच्या मोपेडचा आवाज आला की गोठ्यात लपायचा.

हा धंदा मुळात तिच्या नवऱ्याचा, चांदभाईचा. पण डिशचं काम निघतं भरदुपारी, आणि दुपारी घरात असतात फक्त बाया. एका धाब्यावर परका माणूस चढला की त्याला चार घरची अंगणं दिसतात. त्यामुळे हिंदू असो की मुसलमान, बाया दारातूनच सांगायच्या, "घरात माणूस नाही, संध्याकाळी या." आणि संध्याकाळी पाच घरांची कामं एकदम. वीस वर्षांपूर्वी चांदभाईने कंटाळून एक दिवस बायकोलाच सोबत नेलं. ती वर चढली, तो ओसरीत उभा राहून टीव्हीकडे बघत ओरडू लागला. "गयं… गयं… जरासं आठे… उनं!" उनं म्हणजे आलं, गयं म्हणजे गेलं, आठे म्हणजे इथे. घरात ही दोघं हिंदी बोलतात, पण कामाचं बोलणं गिऱ्हाइकाला कळावं म्हणून अहिराणीत, आणि मग ती सवयच झाली. चांदभाईचा आवाज असा की गल्लीच्या टोकाला चाललेला माणूससुद्धा थबकून विचारायचा, कोण आलं?

आठ वर्षांपूर्वी चांदभाई स्वतःच्याच घराच्या पत्र्यावरून पडला. जन्मभर लोकांच्या धाब्यांवर धड राहिलेला माणूस घरी पडला आणि खुबा मोडून बसला. तेव्हापासून तो दुकानात बसून डबे दुरुस्त करतो, जळालेल्या मोटारींत नवी तार भरतो, आणि वरचं सगळं अकबरीबीचं. या दोघांच्या धंद्यातली एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. चित्र येतं तेव्हा ते सगळ्या घराला दिसतं, फक्त अकबरीबीला दिसत नाही. ती वर असते. तिच्या वाट्याला येतो तो खालून कुणीतरी ओरडलेला एक शब्द, उनं.

आता माझं सांगतो. मी योगराज, इथल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवतो. माझ्याकडे हौशी रेडिओचा परवाना आहे, आणि घरापासून कडुनिंबापर्यंत ताणलेली एक तार आहे, तिच्यावर आमच्या घरी कपडे वाळतात. तीन वर्षं अर्ज केल्यावर आमच्या शाळेला पत्र आलं. अवकाश स्थानकातल्या अंतराळवीराशी आमच्या मुली रेडिओवरून थेट बोलणार! जानेवारीतला एक शुक्रवार, दुपारी एक वाजून वीस मिनिटं, आणि वेळ साडेनऊ मिनिटांचा. दहा मुली, दहा प्रश्न. त्या साडेनऊ मिनिटांत जमलं तर जमलं. पुन्हा नंबर लागेपर्यंत या मुली लग्न होऊन, नाहीतर कॉलेजला, गाव सोडून गेलेल्या असणार.

अडचण अशी होती की टीव्हीची छत्री एकदा बसवली की झालं, कारण तिचा उपग्रह आपल्याला आकाशात एकाच जागी उभा दिसतो. स्थानकाचं तसं नाही. ते एका क्षितिजावर उगवतं आणि दहा मिनिटांत दुसऱ्यावर मावळतं. अँटेनाने सगळा वेळ त्याच्याकडे तोंड ठेवून फिरायला हवं. त्यासाठी दोन मोटारी लागतात, एक दिशेला वळवणारी, दुसरी वर उचलणारी. आणि दोघींना सांभाळणारा एक कंट्रोलर. लॅपटॉप त्याला सांगतो की स्थानक आता अमुक अंशांवर आहे, आणि कंट्रोलर मोटारी तिथवर नेतो. तयार यंत्र आमच्या शाळेला झेपणारं नव्हतं. मी अकबरीबीकडे गेलो.

तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि मागच्या खोलीतून एका जुन्या केबलवाल्याच्या दहा फुटी छत्रीचं सामान ओढून काढलं. त्यातूनच दोन्ही मोटारी निघाल्या. चांदभाईने कंट्रोलरचं सर्किट जोडलं, त्याचं प्रोग्रामिंग मी केलं. डबा तयार झाला आणि आम्ही तो चालू केला, तेव्हा तो दर क्षणाला मोटारीचा कोन तपासून आकडा दाखवू लागला. अकबरीबी थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ही तं सासू शे, सर. घडीघडी ईचारस, कोठे शे तू, कोठे शे तू?"

तेव्हापासून त्या कंट्रोलरचं नाव सासू पडलं. मुख्याध्यापिका उषा मॅडमसुद्धा एकदा चुकून "सासू चालू केली का?" असं विचारून गेल्या आणि मग उगाच हजेरीपुस्तक चाळत बसल्या.

शाळेच्या गच्चीवर खांब उभा राहिला, त्याला शिडी लावून मोटारी बसल्या, अँटेना चढली. सासूला आता एकच गोष्ट शिकवायची राहिली होती, ती म्हणजे उत्तर दिशा कुठे आहे. हे एकदा तिला नीट कळलं की बाकीचं ती मोजून घेते. ते काम मी माझ्याकडे ठेवलं. अकबरीबी त्या दिवशी शिंदखेड्याला कामाला गेली होती, आणि दिशा ठरवायला तिची गरज काय, असं मला वाटलं. विज्ञान मी शिकवतो.

मोबाइलमधलं होकायंत्र काढलं तर पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडमुळे ते तीन वेळा तीन उत्तरं दाखवू लागलं. मग मला माझ्या मते फार हुशार युक्ती सुचली. शेजारी वच्छलाबाईंच्या धाब्यावर लाल छत्री होती, तिच्यावर कंपनीचं नाव ठळक. त्या कंपनीचा उपग्रह पारोळ्याहून कुठल्या दिशेला दिसतो ते मी शोधलं. उत्तरेपासून पूर्वेकडून मोजत गेलं तर एकशे एकोणसाठ अंश. आमची अँटेना त्या छत्रीला अगदी समांतर केली आणि सासूला सांगितलं, तू आत्ता एकशे एकोणसाठवर आहेस. स्वतःवर मी इतका खूश झालो की घरी फोन करून ही युक्ती बायकोला सांगितली. ती म्हणाली, येताना कोथिंबीर आणा.

शुक्रवारच्या आधी तीन दिवस आम्ही चाचण्या घेतल्या. स्थानक रोज वरून जातंच, आणि त्याच्यावरून हौशी लोकांची बोलणी ऐकू येतात. मंगळवारी स्थानक उगवलं, अँटेना डौलात फिरली, आणि रेडिओवर नुसती खरखर. ते डोक्यावर आलं तेव्हा दोन मिनिटं कुणाचा तरी पुसट आवाज आला. मग पुन्हा खरखर. बुधवारी तेच.

"सर, दिशा एकदा परत दखतस का?" अकबरीबीने विचारलं.

मला राग आला. आता लिहितानाही लाज वाटते, पण आला. "दिशा मी मोजली आहे," मी म्हणालो, "तुमची मोटार हळू फिरत असेल." तिने मोटार उतरवली, गिअर धुतले, नवं ग्रीस भरलं आणि संध्याकाळपर्यंत मोटार परत चढवली.

गुरुवारी उषा मॅडम स्वतः गच्चीवर आल्या. पुन्हा खरखर, मध्ये दोन मिनिटं पुसट आवाज, पुन्हा खरखर. अकबरीबीने दिशेचं नाव काढताच मॅडम म्हणाल्या, "नाचता येईना अंगण वाकडं! सरांनी मोजलंय ना? उद्या सकाळी धुळ्याहून माणूस येईल, त्याच्याकडे तयार यंत्र आहे. हे सगळं खाली उतरवून ठेवा." वाईट बाई नव्हे ती. तिच्या डोळ्यांपुढे दहा मुली होत्या.

अकबरीबी शिडी उतरली. वीस वर्षांत पहिल्यांदा, काही न येता. शेवटच्या पायरीवर तिचा पाय चुकला. पान्यांची पिशवी ती वरच विसरली होती, मी ती तिच्या हातात दिली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. मला ते बघवेना, म्हणून मी लॅपटॉपची वायर गुंडाळू लागलो. उद्या गावभर होणार होतं की अकबरीबीला जमलं नाही, शेवटी धुळ्याचा माणूस लागला. धाब्यावर चढणाऱ्या बाईबद्दल असं बोलायला टपलेली तोंडं आमच्याकडे काही कमी नाहीत.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता मी गच्चीवर सामान काढायला गेलो तर ती आधीच तिथे उभी. "सर," ती म्हणाली, "मी रातभर ईचार करा. ते डोकावर राहस तवय आवाज येस. बाजूले गयं का जास. मोटार हळू राहती तं असं व्हतं का?"

मी मनातल्या मनात कोन मांडून पाहिले. अँटेना जवळजवळ सरळ वर बघत असेल तेव्हा दिशा चुकली तरी फारसं बिघडत नाही, कारण वर म्हणजे सगळीकडून वरच. पण स्थानक क्षितिजाजवळ असताना दिशा चुकली तर सगळंच चुकलं. म्हणजे उंची बरोबर होती आणि दिशा चूक. नववीच्या मुलीला कळावी अशी गोष्ट, आणि ती मला डिश बसवणाऱ्या बाईने सांगावी!

"तुम्ही उत्तर कसावरतून धरी?" तिने विचारलं.

मी वच्छलाबाईंच्या लाल छत्रीकडे बोट दाखवलं.

अकबरीबीने छत्रीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि टाकीच्या कट्ट्यावर बसून ती हसायला लागली. हसता हसता तिने ओढणीने डोळे पुसले. "सर, नाव वाचीसन दिशा धरी का तुम्ही? ती छत्री मीच फिरायेल शे!"

तीन वर्षांपूर्वी वच्छलाबाईंनी लाल कंपनीचं रिचार्ज बंद केलं आणि दुसऱ्या कंपनीचा डबा घेतला. आता आमच्या खानदेशात धड छत्री कोणी फेकत नाही. अकबरीबीने तीच छत्री ठेवली, पुढचा भाग बदलला आणि ती नव्या कंपनीच्या उपग्रहाकडे, पूर्वेच्या बाजूला, वळवून दिली. नाव जुनंच राहिलं. "नाव कोन वाचस? चित्र दखतस," ती म्हणाली. मग तिने गच्चीवरून मला गाव दाखवलं. ती किल्ल्याच्या अंगाची छत्री निळ्या नावाची, पण बघते फुकटवाल्या उपग्रहाकडे. ती पलीकडची खरी. आणि ती कोपऱ्यातली कुठेच बघत नाही, तिच्यात मिरच्या वाळतात. "बठ्ठ्या छत्र्या मना हातन्या शेतस," ती म्हणाली, म्हणजे सगळ्या तिच्याच हातच्या. "माले ईचारतात तं सांगी देती."

नवीन कंपनीचा उपग्रह एकशे एकोणीस अंशांवर होता. सासूला मी एकशे एकोणसाठ सांगितलं होतं. चाळीस अंशांची चूक, आणि ती चक्क माझी.

खात्री करायला मी ते केलं जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. अँटेना सूर्याकडे वळवली. तिच्या लांब दांड्याची सावली आखडत आखडत दांड्याच्याच बुंध्यात नाहीशी झाली, म्हणजे ती नेमकी सूर्याकडे बघत होती. त्या घटकेला सूर्य एकशे चाळीस अंशांवर होता. सासूचा आकडा होता एकशे ऐंशी. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच; सूर्य रोज डोक्यावर येत होता आणि मी शेजारणीच्या छत्रीवरचं नाव वाचत बसलो होतो. आम्ही सासूचे चाळीस अंश काढून टाकले.

आता खरं अवघड काम जिन्याखाली होतं. मधल्या वळणावर मी थांबलो. मोटार नीट झाली असं सांगितलं तरी चालण्यासारखं होतं, कुणी तपासणार नव्हतं. पण मागे अकबरीबीच्या बुटांचा आवाज आला, आणि मी खाली जाऊन भरल्या स्टाफरूममध्ये म्हणालो, "मॅडम, मोटार पहिल्या दिवसापासून उत्तम आहे. दिशा मी चुकवली होती. चूक अकबरीबीने शोधली. अंगण वाकडं नव्हतं, नाचणारा मी होतो." माझे कान तापले, पण छातीवरचा धोंडा उतरला.

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजत आले होते, आणि एक वीसच्या आधी चाचणी घ्यायला स्थानक वरून जाणार नव्हतं. "धुळ्याचा माणूस अजून निघालेला नाही," त्या म्हणाल्या. "त्याला येऊ देऊ की नको? अकबरीबी, तुम्ही सांगा." तोवर त्या तिला नुसतं 'बाई' म्हणत आल्या होत्या.

"नका बलावू," अकबरीबी म्हणाली. "आवाज उना नही तं मी शिडी उतराव नही."

एक वाजता हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. दहा मुली रांगेत, हातात प्रश्नांचे कागद, पहिली मोनाली. रांगेतल्याच नाजमीनच्या कडेवर तिचा भाऊ, मागे आया, आज्या. रेडिओशी मी, आणि माझ्या शेजारी काठी टेकून चांदभाई. खरखरीतून आवाज वेगळा काढायला त्याच्यासारखा कान गावात नाही. अकबरीबी गच्चीवर, अँटेनाच्या खांबापाशी शिडीवर. तिने हॉलमध्ये बसावं म्हणून मी आग्रह केला, पण तिने फक्त जिन्याचं दार उघडं ठेवायला सांगितलं.

एक वीस झाले. सासूने मोटार फिरवली, अँटेना नैर्ऋत्येला वळली. मी बटण दाबून शाळेचं रेडिओवरचं नाव पुकारलं. बटण सोडलं. खरखर.

पुन्हा पुकारलं. खरखर. मॅडमनी टेबलाची कड धरली होती. एवढ्यात वरच्या मोटारीचा आवाज थांबला आणि सासूचा आकडा दोनशे एकोणतीसवर अडकला. मग वर काहीतरी खडखडलं, आणि आकडा पुन्हा सरकू लागला. टाकीच्या नटात केबल अडकली होती आणि अकबरीबीने ती सोडवली, हे मला नंतर कळलं.

तिसऱ्यांदा पुकारलं. बटण सोडलं, आणि शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ आवाज आला. इंग्रजीत. तुमचा आवाज छान येतोय, बोला.

मोनालीला बोलता यावं म्हणून मी बटण दाबलं, आणि त्याच क्षणी चांदभाई काठी न घेता उभा राहिला. जिन्याच्या दाराकडे तोंड करून तो ओरडला, "अकबरी! उनं!"

माइक चालू होता. शाळेचं नाव सोडलं तर पारोळ्यातून अवकाशात गेलेला पहिला शब्द हा असा गेला.

वरून उत्तर आलं, पहिला शब्द कळला नाही, पुन्हा सांगाल का? मी घामाघूम. पण मोनालीने माझ्या हातून माइक घेतला आणि ठणठणीत इंग्रजीत सांगितलं, ते आमचे चांदचाचा आहेत, तुम्ही आलात असं ते त्यांच्या बायकोला सांगताहेत, ती गच्चीवर आहे, तिच्यामुळे तुम्ही ऐकू येताय. हे तिच्या कागदावर नव्हतं. स्थानकातला माणूस मोठ्याने हसला आणि म्हणाला, तिला माझा सलाम सांगा.

मग एकापाठोपाठ एक प्रश्न. पाणी गोल कसं राहतं, घरची आठवण आली तर काय करता, नाजमीनने विचारलं की तिथे दिवसातून किती वेळा सूर्य उगवतो. स्थानक डोक्यावरून पलीकडे गेलं, अँटेना त्याच्या मागे मागे फिरत राहिली, आवाज एकदाही तुटला नाही. दहावा प्रश्न संपला तेव्हा वीस सेकंद उरले होते. मुलींनी एका सुरात निरोप घेतला, खरखर परत आली, आणि चांदभाई सवयीने ओरडला, "गयं!" सगळा हॉल हसत होता, आया पदराने डोळे पुसत होत्या. मीही रडत होतो आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

अकबरीबी शिडी उतरून जिन्याने खाली आली तेव्हा मुलींनी असा गलका केला की ती दारातच थांबली. उषा मॅडम पुढे झाल्या, तिच्या ग्रीसच्या हाताला धरून तिला माझ्या खुर्चीवर बसवलं. मी सगळं रेकॉर्ड केलेलं होतं. तिच्या कानांना हेडफोन लावला आणि बटण दाबलं.

ती हात मांडीवर ठेवून ऐकत होती. खरखर, माझं पुकारणं, पुन्हा खरखर, मग तो स्वच्छ आवाज. इंग्रजी तिला कळत नव्हतं, पण तिचा चेहरा उजळत गेला. वीस वर्षांत पहिल्यांदा ती खाली बसली होती आणि चित्र तिच्यापुढे येत होतं. मग रेकॉर्डिंगमध्ये चांदभाईचा आवाज आला असावा, कारण तिने दचकून हेडफोन एका कानावरून सरकवला आणि शेजारी उभ्या नवऱ्याकडे पाहिलं.

"इतला जोरमा कसाले वरडनात?" ती म्हणाली. "मी तं आठेच व्हती, वरते."